आजोबांच्या जन्माची आणि पणजीच्या मृत्यूची नोंद गावच्या दप्तरात सापडत नाही. पुढे कुठे शोधावे?

खाडीपलीकडे (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात, वाघोटण खाडीच्या उत्तर अंगाला आहे. आजोबा तरुणपणी मुंबईला गेले, परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात (मागांच्या विभागात) लागले आणि 1969 मध्ये मुंबईतच वारले. वडिलांची पिढी गिरणगावात वाढली, त्यामुळे गावाशी संबंध गणपती आणि शिमगा एवढाच राहिला. यंदा शिमग्याला गावी गेलो असताना माझ्या मुलीने माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले आणि पालखीला जमलेल्या आम्हा पंधरा-वीस जणांपैकी एकालाही ते सांगता आले नाही. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. घराण्याची वंशावळ ऐकीव माहितीवर न लिहिता, शक्य तितकी नोंदींच्या आधारे लिहावी, असे मी ठरवले आहे.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1912 अशी आहे. पणजी आजोबांच्या लहानपणीच गेली. माझी आत्या आज नव्वदीच्या घरात आहे. ती सांगते, की त्या वर्षी गावात ‘मानमोडी’ आली होती आणि आईला नेले तेव्हा आजोबांचे पुढचे दोन दात पडलेले होते, असे आजोबा स्वतः सांगत. मानमोडी म्हणजे नेमकी कोणती साथ, हे मला समजलेले नाही. पणजीचे वार्षिक श्राद्ध आमच्याकडे आश्विन वद्य तृतीयेला होते आणि म्हाळाच्या पंधरवड्यात तिच्या नावाने अविधवा नवमीही करतात. पणजोबांची तिथी माहीत आहे. वर्ष मात्र कोणालाच माहीत नाही.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मी 1911 ते 1913 या वर्षांतील आजोबांचा जन्म आणि 1912 ते 1916 या वर्षांतील पणजीचा मृत्यू शोधून देण्याची विनंती केली होती. अर्जात दोघांचीही आडनावासह पूर्ण नावे लिहिली होती. तेथील कर्मचाऱ्यांनी माझ्यासमोर पाने उलटून पाहिली. त्यांच्या कष्टांत काही उणे नव्हते, परंतु दोन्ही नोंदी मिळाल्या नाहीत. नोंदच झाली नसेल असे समजून हा शोध सोडून द्यावा, की माझ्या शोधण्यातच काही चूक आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुने दप्तर

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो आणि नोकरीतील बरीच वर्षे अभिलेख कक्षात गेली. आपण शोध सोडू नये, हे आधी सांगतो. नोंद नसणे आणि नोंद न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक दिसते.

आपण जी वही पाहिली तिला कोकणात सर्रास ‘कोतवाल बुक’ म्हणतात. जुन्या गाव नमुन्यांत तिचा क्रमांक 14 होता. हल्लीच्या गाव नमुना 14 मध्ये पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंद असते, म्हणून अर्जात केवळ ‘नमुना 14’ असे न लिहिता ‘जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक)’ असे स्पष्ट लिहावे. नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचा त्यामुळे गोंधळ होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा आहे आणि महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्यानंतरच्या गावातील नोंदी ग्रामपंचायतीकडे मिळतात. त्याआधीच्या कोतवाल बुकांसाठी मात्र तहसीलचे रुमालच (कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठेच) सोडावे लागतात.

या वह्या नावांच्या अनुक्रमाने नसतात, तारखेच्या क्रमाने असतात. कोतवाल किंवा पाटील जसे कळेल तसे लिहीत गेला. त्यामुळे शोधणाऱ्याच्या हाती महिना आणि वर्ष नसेल तर पान न् पान वाचण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरे असे, की त्या काळच्या ग्रामीण नोंदीत आडनाव बहुधा नसते. पुरुषाचे नाव ‘अमुक बिन तमुक’ असे, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक असे असते, आणि विवाहित स्त्रीचे ‘अमुक कोम तमुक’ असे, म्हणजे तमुकची बायको. पुढे जात, वय, मृत्यूचे कारण. नाव लिहायचे तेही गावात हाक मारीत तसे: पांडुरंगाचा पांडू, विठ्ठलाचा विठू, गोविंदाचा गोंदू. आडनाव मनात धरून पाने चाळली, तर नजर नेमक्या ओळीवरून पुढे सरकते. हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेले आहे, आणि तेही माझ्याच आजोबांची नोंद शोधताना.

जन्माच्या नोंदीत तर बाळाचे नावच पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढे लिहून पुढे बापाचे नाव असते. म्हणून आजोबांच्या नावाने न शोधता पणजोबांच्या नावाने शोधावे. शाळेतील 1 जून ही तारीख खरी मानू नये. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी वयाचा अंदाज करून जूनची पहिली तारीख टाकीत आणि पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले. त्यात एक-दोन वर्षांचा फरक सहज असतो.

लिपी मोडी असेल तर वाचकाची मदत घ्यावीच. मोडी लिहिणारा आधी आडवी शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो, शब्दांत अंतर ठेवीत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळीत नाही. त्यामुळे अर्धवट सराव असलेल्या माणसाला एका नावाच्या जागी दुसरेच दिसू शकते. मूळ पानाचे छायाचित्र घेऊ दिले तर घ्यावे आणि दोन वाचकांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावे.

न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी 2023 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत अशा वह्या तपासण्यात आल्या आणि आढळलेल्या नोंदींची पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आली. ती जरूर पाहावीत, मात्र तो शोध कुणबी नोंदींपुरता होता हे ध्यानात ठेवावे. तिथे आपले पान दिसले नाही, याचा अर्थ वहीत नोंद नाही असा होत नाही.

पणजोबांसाठी सर्वांत जवळचा मार्ग फेरफाराचा आहे. खातेदार मयत झाल्यावर वारसांची नावे लागतात, त्या फेरफारात मृत्यूचे वर्ष आणि बहुधा तारीखही मिळते. आपले गाव खोती (खोताकडून सारा वसूल होणारे) असेल आणि पणजोबा कूळ असतील, तर त्यांचे नाव मालकाच्या जागी न मिळता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात मिळेल. खोती 1949 च्या कायद्याने गेली आणि कुळांना मालकी मिळण्याचा मार्ग 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर खुला झाला. कूळ कायद्याच्या प्रकरणात वारसांचे जबाब असतात आणि त्यांत आजा, पणजा यांची नावे येतात. ते कागद वाचण्यासारखे असतात.

शक्य असेल तर पावसाळ्यात जाऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात आणि कसरीने खाल्लेली कड हात लागताच सुटते. चैत्र-वैशाखात कागद कोरडा असतो.

माहेरची वाट

‘जुने दप्तर’ यांनी सांगितले ते सर्व योग्यच आहे. मला त्यात एक मुद्दा जोडायचा आहे, कारण माझी स्वतःची तीन वर्षे तो न कळल्यामुळे वाया गेली.

जन्म किंवा मृत्यू ज्या गावात घडतो त्या गावच्या वहीत त्याची नोंद होते. माणूस कुठला रहिवासी आहे, त्याची जमीन कुठे आहे, याच्याशी तिचा संबंध नसतो. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. आजोबा पणजीचे पहिले अपत्य असतील, तर त्यांचा जन्म आपल्या गावी झालेला नसून त्यांच्या आजोळी झालेला असण्याचा संभव फार मोठा आहे. माझ्या आजीची नोंद मी गुहागरकडे शोधत होते आणि ती निघाली दापोलीकडच्या एका गावात, तिच्या आईच्या बापाने वर्दी (जन्माची खबर) दिली म्हणून.

तेव्हा आत्याबाईंना पहिला प्रश्न विचारावा, की पणजीचे माहेर कोणते. ते ठाऊक नसेल तर आजोबांचे मामा कुठून येत, लग्नात मामाचा मान कोणत्या गावाकडे गेला, असे आडून विचारावे. बायकांना हे लक्षात असते, असा माझा अनुभव आहे. गाव कळले की ते त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हेही पाहावे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून जुन्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असले तरी वही आज सिंधुदुर्गातील तहसिलीत असू शकते. सावंतवाडीकडील गाव असेल तर 1948 पर्यंत ते संस्थान होते आणि तिथला कारभार निराळा. उत्तरेकडे मुरुड-जंजिऱ्याचीही तीच गोष्ट.

आता पणजीविषयी. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचा दुसरा, अधिक भयंकर फेरा आला. आपली तिथी आश्विन वद्य तृतीया आहे. 1918 चा दसरा 15 ऑक्टोबरला होता, म्हणजे कोजागिरीनंतरची तृतीया 22 ऑक्टोबरच्या आसपास येते. साथ आणि तिथी इतकी नेमकी जुळत असताना आपण 1916 पर्यंतच का थांबलात? अर्थात आपल्याला साथीचे वर्ष माहीत नव्हते, हे मी समजू शकते. ऑक्टोबर 1918 च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची पाने पाहावीत. वर्दी उशिरा पोचली असेल, तर नोंद चार-आठ दिवस पुढे सरकलेली असेल. कारणाच्या रकान्यात ‘मानमोडी’ न लिहिता नुसते ‘ताप’ लिहिलेले असण्याची शक्यता अधिक.

वार्षिक श्राद्धाची तिथी महिना आणि पक्ष दोन्ही सांगते, म्हणून ती शोधाला फार उपयोगी पडते. म्हाळावरून केवळ तिथी कळते, कारण सर्वांचाच म्हाळ भाद्रपद वद्यात होतो. आपल्या घरातील अविधवा नवमी मात्र एक वेगळी गोष्ट सांगते: पणजी सवाष्ण गेली, म्हणजे 1918 च्या आश्विनात पणजोबा हयात होते. त्यांच्या मृत्यूचा शोध त्याआधीच्या वर्षांत घेण्याचे कारण नाही.

पणजीचे नाव शोधताना सासरचे नाव धरावे. लग्नात नाव बदलत असे. माहेरच्या माणसांनी सांगितलेले नाव तिच्या मृत्यूच्या नोंदीत येणार नाही.

लालबागची चाळ

आपल्या आजोबांची मुंबईतील बाजू दुर्लक्षित राहू नये. 1969 चा मृत्यू मुंबई महानगरपालिकेच्या दप्तरी असेल आणि तोही ज्या विभागात मृत्यू घडला त्या विभागात. घरी वारले असतील तर राहत्या घराचा विभाग आणि रुग्णालयात वारले असतील तर रुग्णालयाचा. आमच्या घरी हाच घोटाळा झाला होता: काकांचे बिऱ्हाड लालबागला आणि मृत्यू दुसऱ्या विभागातल्या रुग्णालयात, त्यामुळे आम्ही दोन महिने चुकीच्या खिडकीवर उभे होतो.

दुसरा आधार गावकीच्या खोलीचा. राजापूर, लांजा, संगमेश्वर, देवगड या भागांतील गावांनी गिरणगावात सामाईक खोल्या ठेवल्या होत्या, हे आपल्याला माहीत असेलच. ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वह्या काही ठिकाणी अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत सभासदाचे नाव बापाच्या नावासह आणि वाडीसह लिहिलेले असते, कारण एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असत. आमच्या मंडळाच्या वहीत माझ्या आजोबांच्या नावापुढे ‘वरची वाडी, आंब्याकडचे’ असे लिहिलेले आहे. तो आंबा आज नाही, पण त्या दोन शब्दांमुळे कोणते घर ते आम्हाला निश्चित करता आले.

त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला घरातील कोणी विधीसाठी गेले असेल, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितले की ते आपली वही काढतात. त्यात येणाऱ्याने स्वतः सांगितलेली बाप-आजाची आणि भावांची नावे असतात. जन्म-मृत्यूच्या तारखा तेथे मिळतीलच असे नाही, पण पिढ्यांचा क्रम लावायला त्या फार उपयोगी पडतात.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात दोन्हीकडे जाऊन आलो, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

आत्याला पणजीचे माहेर विचारले तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता खाडीच्या दक्षिणेकडील, देवगड तालुक्यातील एका गावाचे नाव सांगितले. ‘बाबांचे मामा तरीतून यायचे, येताना सुके बांगडे आणायचे,’ एवढे तिला पक्के आठवत होते. इतकी वर्षे मी तिच्याशी बोलत आलो आणि हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता. आमच्या घरून ते गाव पाण्यापलीकडे दिसते, तरी आज ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि वही देवगडला आहे.

तेथे 1912 मध्ये काही मिळाले नाही. मागे येत गेलो तेव्हा 1911 च्या जानेवारीच्या पानावर पणजोबांचे नाव दिसले. बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे, पुढे ‘पुरुष’ असे लिहिले आहे आणि वर्दी देणारा म्हणून पणजीच्या वडिलांचे नाव आहे. पणजीच्या माहेरचे एकही नाव आमच्याकडे नव्हते. ते असे अकस्मात हाती आले. त्या कोऱ्या रकान्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याला त्या दिवशी अजून नाव मिळालेले नव्हते.

त्यानंतर आमच्या गावची 1918 ची वही पुन्हा काढून घेतली. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोंदी एकदम दाट होतात. एरवी एका पानावर महिना-दीड महिना मावतो. तिथे एक पान आठवड्यात भरलेले आहे आणि कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत ‘ताप’ एवढाच शब्द आहे. अक्षरही मधेच बदलते. 24 ऑक्टोबरला पणजीची नोंद आहे, ‘कोम’ लिहून पुढे पणजोबांचे नाव, आणि आडनाव कुठेही नाही. वय 26 लिहिले आहे. म्हणजे आजोबा तेव्हा पावणेआठ वर्षांचे होते आणि दातांची आठवण खरी ठरली. त्याच पानावर दोन ओळी खाली पणजोबांचेच नाव बाप म्हणून असलेली एक मुलगी आहे, वय 2. तिच्याविषयी आमच्या घरात आजवर कोणीही काही बोललेले नाही. आत्यालाही ती माहीत नव्हती. वंशावळीत तिची जागा मी आखून ठेवली आहे. नावाचा भाग पानाच्या घडीवर आल्यामुळे पुसट झाला असून मोडी वाचकांना त्यातील पहिले अक्षर लागत नाही.

पणजोबांच्या वारसाच्या फेरफारासाठी अर्ज दिला आहे. एक शंका आहे: नक्कल मागताना केवळ आमच्या ओळीचा उतारा मागावा, की संपूर्ण पानाची प्रत मागावी?

जुने दप्तर

संपूर्ण पानाची छायाप्रत मागावी आणि ती साक्षांकित करून घ्यावी. उताऱ्यात कर्मचारी स्वतः वाचून लिहितो, त्यामुळे वाचनातील चूक कायमची होऊन बसते. पानावर वहीचे शीर्षक आणि वर्ष नसेल तर पहिल्या पानाचीही प्रत सोबत घ्यावी.

त्या मुलीच्या नावासाठी तिची जन्माची नोंद शोधू नये असे सुचवीन, कारण तिथे नाव नसण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याऐवजी पुसट झालेल्या जागी कागद उजेडासमोर तिरका धरून पाहण्याची परवानगी मागावी. बोरूच्या टोकाने कागदावर पडलेला दाब शाई उडाली तरी राहतो आणि तिरक्या उजेडात अक्षराचे वळण दिसते. मी अशा रीतीने बरीच नावे वाचली आहेत. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, खिडकीजवळचे टेबल मिळाले तर उत्तम.